कागदांचा दाखला आणि घड्याळाची साक्ष

वापरलेले मौल्यवान स्विस घड्याळ विकत घेऊ इच्छिणाऱ्या माणसाला आज जो पहिला सल्ला मिळतो, तो बहुधा घड्याळाविषयीचा नसून त्याच्या खोक्याविषयीचा असतो. मूळ खोका आहे काय, हमीचे कार्ड आहे काय, कार्डावरचा क्रमांक जुळतो काय, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या जपून ठेवल्या आहेत काय, एवढे विचारून होकारार्थी उत्तरे मिळाली की ‘फुल सेट’ या दोन शब्दांवर सौद्याचे शिक्कामोर्तब होते. खोका व कार्ड नसलेले घड्याळ मात्र, ते कितीही अस्सल व सुस्थितीतील असो, संशयित म्हणून बाजूस सारले जाते. या सल्ल्याला जोडून दुसरे एक सूत्र सांगितले जाते, ते असे की, घड्याळ पारखण्याचे काम सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे त्याने त्या भरीस न पडता विकणाराच पारखून घ्यावा. हा पूर्वपक्ष मांडणारी माणसे अनुभवी आहेत, त्यांचा हेतू ग्राहकाला वाचविण्याचाच आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. परंतु या सल्ल्याने ग्राहकाची दृष्टी ज्या वस्तूसाठी तो दोन-पाच लाख रुपये मोजणार आहे त्या वस्तूवरून काढून तिच्या परिवारावर नेऊन ठेवली आहे, आणि लबाडाला नेमके हेच हवे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. घड्याळाच्या परीक्षेत पहिला, मधला आणि शेवटचा साक्षीदार घड्याळ हाच होय. बाकीचे सारे त्याच्या मागाहून तपासावयाचे.

कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा निवाडा आधी करू. हमीचे कार्ड इतकेच सांगते की अमुक क्रमांकाचे घड्याळ अमुक दिवशी अमुक दुकानातून विकले गेले. त्या दिवसानंतर त्या घड्याळाच्या तबकडीचे, काट्यांचे, चावीचे किंवा आतल्या मशीनचे काय झाले, यांविषयी ते कार्ड सर्वस्वी मूक असते. पाटेक फिलिपसारखी जुनी घराणी आपल्या दप्तरातून जो उतारा देतात, त्यातही मशीनचा क्रमांक, केसचा क्रमांक, निर्मितीचे व विक्रीचे दिवस असा मूळ नोंदीचाच मजकूर असतो. आज तुमच्या हाती असलेली वस्तू जशी निघाली तशीच राहिली आहे, असे प्रमाणपत्र तो उतारा देत नाही. शिवाय खोकी आणि कार्डे यांची स्वतंत्र खरेदी-विक्री चालते, ही गोष्ट या धंद्यातील कोणालाही ठाऊक आहे. एका घड्याळाचा खोका दुसऱ्याच्या सोबतीला जातो, आणि कार्ड तर मुळातच छापील वस्तू असल्यामुळे तिची नक्कल करणे तबकडीची नक्कल करण्याहून पुष्कळच सोपे असते. क्रमांक जुळविण्याच्या क्रियेचीही हीच कथा. रोलेक्सच्या घड्याळांवर या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत क्रमांक केसच्या बाजूवर, पट्टा जेथे बसतो त्या दोन शिंगांच्या मध्ये कोरलेला असे; पट्टा काढल्याखेरीज तो दिसत नाही. पुढे तो काचेच्या आतल्या कड्यावर आला. आता जुन्या घड्याळाचा पट्टा काढून, कार्डावरील आकडा त्या कोरीव आकड्याशी भिंगाखाली ताडून पाहणारे ग्राहक किती असतात? बहुतेकांचे समाधान विक्रेत्याने कार्ड दाखविले एवढ्यावरच होते. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर निश्चिंत व्हावयाचे, तो कागद घड्याळाशी जोडण्यासाठीसुद्धा शेवटी घड्याळच उघडे करून पाहावे लागते, आणि तेवढे कष्टही हा सल्ला घेत नाही.

माझ्या म्हणण्याला कोणी तर्कट म्हणू नये यासाठी एक प्रकरण थोडे सविस्तर सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनीव्हा येथे फिलिप्स या लिलावगृहात ओमेगाच्या स्पीडमास्टर मालिकेतील अगदी आरंभीच्या जातीचे, २९१५-१ या क्रमांकाने ओळखले जाणारे घड्याळ विक्रीस आले. ही मालिका १९५७ मध्ये सुरू झाली. त्या घड्याळाची तबकडी काळाच्या ओघात काळ्याची तपकिरी झालेली होती, आणि हा रंग संग्राहकांना विलक्षण प्रिय आहे. लिलावगृहाचा अंदाज ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार स्विस फ्रँकचा; प्रत्यक्षात किंमत एकतीस लाख फ्रँकच्या वर गेली. विकत घेणारा कोणी हौशी धनिक नव्हता. खुद्द ओमेगाच्या संग्रहालयासाठी ते घेतले गेले. आणि २०२३ मध्ये त्याच ओमेगाने जाहीर केले की, हे घड्याळ बहुतांशी अस्सल पण निरनिराळ्या ठिकाणच्या भागांची सांगड घालून तयार केलेले आहे, आणि या व्यवहारात संस्थेच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. या घटनेचे मर्म नीट ध्यानात घ्यावे. येथे विक्रेता नामांकित होता, नोंदी उपलब्ध होत्या, जगात ज्यांनी त्या जातीची घड्याळे सर्वांत जास्त हाताळली अशी माणसे खरेदीच्या बाजूला होती, आणि मूळ निर्मात्याचेच दप्तर हाताशी होते. म्हणजे पूर्वपक्षाने सांगितलेल्या दोन्ही कसोट्या, कागद आणि प्रतिष्ठित विक्रेता, येथे कमालीच्या पूर्णतेने उपस्थित होत्या. आणि त्या दोन्ही कसोट्यांनी घड्याळाकडे पाहणाऱ्याच्या मनातील संशय जागा करण्याऐवजी निजवून टाकला.

यावर असा आक्षेप येईल, नव्हे येतोच, की हे कोट्यवधींच्या दुर्मिळ वस्तूंचे प्रकरण आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची रोलेक्सची डेटजस्ट किंवा ओमेगाची सीमास्टर घेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गृहस्थाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा की भागांची सांगड घालण्याची कला जिनीव्हात निर्माण झालेली नाही, ती आपल्या दारात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली आहे. जुन्या तबकड्या घासून त्यांवर नव्याने रंग देऊन, नाव छापून, दुसऱ्याच केसमध्ये तिसरेच मशीन बसवून तयार केलेली घड्याळे मुंबईतून इतक्या विपुल संख्येने बाहेर गेली आहेत की परदेशी संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हे त्यांचे नावच पडले आहे. एचएमटी, फाव्र-ल्युबा, वेस्ट एंड यांच्यापासून ओमेगापर्यंत कोणतेही नाव या कारागिरीतून सुटलेले नाही. यात फसवणुकीचा हेतू नेहमीच असतो असे मी म्हणणार नाही. ज्या काळात परदेशी घड्याळाचा सुटा भाग मिळणे दुरापास्त होते, त्या काळात डागाळलेली तबकडी रंगवून घेणे हा मालकाचा साधा व्यवहार होता, आणि गिरगाव-दादरच्या घड्याळजींनी तो मोठ्या कौशल्याने केला. अपराध तेव्हा घडतो, जेव्हा तीच रंगविलेली तबकडी ‘मूळ अवस्थेतील’ म्हणून मूळ अवस्थेच्या दराने विकली जाते. चोरबाजारातल्या अशा घड्याळाला खोका नाही, कार्ड नाही, आणि म्हणून कागदवादी सल्ल्याकडे त्याच्याबद्दल बोलण्यासारखे ‘घेऊ नका’ याहून अधिक काही नाही. डोळ्याकडे मात्र पुष्कळ आहे.

तो डोळा प्रथम तबकडीवर ठेवावा, कारण जुन्या घड्याळाच्या किमतीचा फार मोठा वाटा तेथे असतो आणि लबाडीचा फार मोठा वाटाही तेथेच असतो. दहापट मोठे दाखविणारे भिंग घ्यावे, खिडकीजवळचा उजेड घ्यावा आणि घाई करू नये. कारखान्यात छापलेल्या अक्षराची कड स्वच्छ तुटलेली असते. हाताने पुन्हा छापलेल्या अक्षराची कड पिसारलेली, शाई कोठे जाड कोठे पातळ, दोन अक्षरांमधले अंतर असमान. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांच्या बरोबर मध्यावर येतात की एखाद-दुसरी रेघ सरकली आहे, हे बारा, तीन, सहा आणि नऊ या चारी ठिकाणी पाहावे. सहाच्या आकड्याखाली, तबकडीच्या अगदी कडेला, बहुतेकांच्या नजरेत न भरणारा एक बारीक मजकूर असतो. पुन्हा रंगविलेल्या तबकडीत पुष्कळदा तो गळालेलाच असतो. आणि हा मजकूर जर शाबूत असेल, तर तो काळाचा दाखला देतो. अंधारात चमकणाऱ्या खुणांसाठी आधी रेडियम वापरले जाई. १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत त्याची जागा ट्रिशियमने घेतली आणि तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही अंगांना रोमन लिपीतले टी हे अक्षर येऊ लागले. १९९८ च्या सुमारास किरणोत्सर्ग नसलेला पदार्थ आला व ते अक्षर गेले.

या साध्या गोष्टीत किती पुरावा दडलेला आहे, ते पाहा. ट्रिशियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षांचे. १९७५ च्या घड्याळाला आज अर्धशतक लोटले. म्हणजे चार अर्धायुष्ये संपून मूळच्या ट्रिशियमचा जेमतेम सोळावा हिस्सा उरला. अशा घड्याळाच्या खुणा दिव्याखाली धरल्यावर क्षणभर उजळतील आणि लगेच मावळतील, हे स्वाभाविक आहे. परंतु अंधाऱ्या खोलीत त्या तासभर हिरव्यागार तेवत राहिल्या, तर तबकडीवर नवा लेप चढविलेला आहे, मग सोबतच्या कार्डावर काहीही लिहिलेले असो. काट्यांचा लेप पिवळसर आणि तबकडीचा लेप पांढरा असेल, तर दोहोंपैकी एक बदललेला आहे. पट्टा, काच, चावी बदलणे ही देखभाल होय, तिने बिघडत नाही. काटे व तबकडी बदलली तर किंमत बदलली पाहिजे. रेडियमच्या जुन्या घड्याळांबाबत मात्र एक गंभीर सूचना केली पाहिजे. त्यांच्या खुणा आज चमकत नाहीत, म्हणून पुष्कळ लोक त्यांना निरुपद्रवी समजतात. चमक नाहीशी झाली ती चमकणारा पदार्थ जळून गेल्यामुळे. रेडियमचे अर्धायुष्य सोळाशे वर्षांचे आहे आणि त्याचा किरणोत्सर्ग जसाच्या तसा चालू आहे. तेव्हा असे घड्याळ घरी उघडून तबकडी खरवडून पाहण्याचा उद्योग कोणीही करू नये. त्याची धूळ श्वासावाटे आत जाणे हे खरे संकट आहे.

केसविषयी मला पूर्वपक्षाशी नुसता मतभेद नाही, तीव्र तक्रार आहे. ‘कंडिशन नव्यासारखी’ ही जाहिरात वाचून ग्राहक जेथे आकृष्ट होतो, तेथे त्याने सावध झाले पाहिजे. चकाकी आणण्याचा यांत्रिक मार्ग एकच, धातू घासून काढणे. आणि घासलेला धातू परत येत नाही. केसच्या शिंगांवर कारखान्यात ज्या तिरप्या धारा काढलेल्या असतात, चमकदार व खरखरीत पृष्ठभागांच्या मध्ये जी रेषा सुरीने कापल्यासारखी सरळ असते, ती प्रत्येक पॉलिशमध्ये थोडी थोडी वितळत जाते. दोन शिंगे एकमेकांशी ताडून पाहावीत. एक जाड व एक बारीक झाले असेल, पट्ट्याच्या काडीसाठीचे भोक शिंगाच्या कडेला टेकले असेल, चावीच्या दोन्ही बाजूंचे संरक्षक उंचवटे निमुळते झाले असतील, तर त्या घड्याळाचा देह झिजविला गेला आहे. याउलट ज्यावर वीस वर्षांच्या वापराचे ओरखडे आहेत पण ज्याच्या धारा शाबूत आहेत, ते घड्याळ अधिक मोलाचे. कारण ओरखडा मालकाला हवा तेव्हा काढता येईल, गेलेली धार पुन्हा बसविणे मात्र लेझरने धातू भरणाऱ्या महागड्या कारागिराचे काम आहे. पोलादी पट्टा आडवा धरून पाहावा. तो दोरासारखा खाली लोंबला तर कड्यांच्या आतल्या पिना झिजलेल्या आहेत, आणि मूळ पट्टा नवा घ्यावयाचा तर तो खर्च थोडाथोडका नाही.

आता मशीन. येथे पूर्वपक्षाचे सर्वांत प्रबळ म्हणणे उभे राहते, आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. ते म्हणणे असे की, घड्याळ उघडल्याने त्याचे पाण्यापासूनचे संरक्षण धोक्यात येते, आत धूळ जाते, हमी असेल तर ती संपुष्टात येऊ शकते; शिवाय सामान्य माणसाला आतले काय कळणार? यांपैकी हमीचा मुद्दा ज्या घड्याळाची हमी अजून चालू आहे तेवढ्यापुरता मी बिनशर्त मान्य करतो. असे घड्याळ अधिकृत केंद्रातच तपासून घ्यावे. बाकीचा युक्तिवाद टिकत नाही. पाण्यापासून संरक्षण देते ते रबराचे कडे, आणि ते काही वर्षांनी कडक होऊन निकामी होतेच. न उघडलेले जुने घड्याळ जलाभेद्य आहे हा भ्रम त्याच घड्याळाला पुढल्या पावसाळ्यात बुडवितो. ज्या कारागिराने पाठ उघडली, तो नवे कडे घालून घड्याळ दाबयंत्रात ठेवू शकतो. हे यंत्र पाण्याचा थेंबही न लावता भोवतीची हवा दाबून केस किती आत दबते ते मोजते. दाब कायम असता दबलेली केस पूर्वस्थितीवर येऊ लागली, तर हवा आत शिरते आहे. एवढी परीक्षा झालेले घड्याळ न उघडलेल्या घड्याळापेक्षा अधिक सुरक्षित असते.

आणि आतले कळते. निदान पुष्कळ कळते. रोलेक्सचे ३१३५ हे मशीन १९८८ पासून तीन दशके त्यांच्या तारखेच्या घड्याळांत बसविले गेले. त्याच्या बॅलन्स चाकावर बारीक समायोजक नट आहेत आणि गती कमी-जास्त करणारी सरकती दांडी मुळीच नाही. पाठ उघडताच बालकमानीपाशी तशी दांडी दिसली, तर पुढे काही पाहण्याची गरजच उरत नाही, मग वर काचेत सहाच्या आकड्यापाशी रोलेक्सचा सूक्ष्म मुकुट कोरलेला असो वा नसो. अलीकडच्या नकलांत ही रचनाही हुबेहूब उतरविण्याचा प्रयत्न होतो, हे खरे. म्हणूनच उघडलेले मशीन जाणत्या घड्याळजीला दाखवावयाचे. पण बंद पाठीवर कार्ड ठेवून समाधान मानणाऱ्याला साध्यातली साधी नक्कलही फसवू शकते, उघडून पाहणाऱ्याला फसविण्यासाठी नकलाकाराला फार मोठा खर्च करावा लागतो. सुरक्षितता याहून वेगळी काय असते?

अस्सलपणा सिद्ध झाला तरी प्रकृतीचा प्रश्न राहतो, आणि त्याबाबत तर कागदवादी सल्ला काहीच बोलत नाही. घड्याळजीच्या मेजावर आगपेटीएवढा मायक्रोफोन असलेले एक यंत्र असते. घड्याळ त्याच्या चिमट्यात ठेवले की ते प्रत्येक टिकटिक ऐकून पडद्यावर तीन गोष्टी लिहिते: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स चाक किती अंशांतून झोके घेते, आणि जाणारा व येणारा झोका यांत किती तफावत आहे. ग्राहक बहुधा पहिला आकडा पाहून खूष होतो. वस्तुतः पहिला आकडा पेचकसाच्या एका वळणाने सुधारता येतो. दुसरा सुधारता येत नाही. पूर्ण चावी दिलेले निरोगी घड्याळ तबकडी वर करून ठेवले असता सामान्यतः २७० ते ३१० अंशांचा झोका घेते, आणि उभे धरले की काही अंशांनी उतरते. तोच झोका दोनशेच्या आसपास रेंगाळत असेल, तर आतले तेल सुकले आहे, कमान थकली आहे किंवा आसांची टोके झिजली आहेत, आणि सेकंदांचा आकडा कितीही सुंदर असला तरी ते घड्याळ दुरुस्तीच्या वाटेवर आहे. एक खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. या यंत्राला त्या त्या मशीनचा एक कोन आधी सांगावा लागतो. बहुतेक यंत्रे मुळात ५२ अंशांवर लावलेली असतात, आणि ओमेगाच्या को-ॲक्सियल रचनेच्या मशीनांना ३८ अंश लागतात. कोन तसाच ५२ वर ठेवला, तर झोका आहे त्यापेक्षा पुष्कळ मोठा दिसतो आणि थकलेले घड्याळ तरणेताठे वाटते. विक्रेत्याने पाठविलेल्या पडद्याच्या छायाचित्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याच छायाचित्राच्या कोपऱ्यातला हा कोन वाचावा. शिवाय घड्याळ पालथे, उताणे आणि चावी खाली करून, असे निरनिराळ्या स्थितींत मोजून घ्यावे. एकाच स्थितीतली तपासणी अपुरी असते.

विकणारा पारखण्याच्या सूत्राविषयी आता थोडक्यात बोलतो, कारण त्यात जेवढे सत्य आहे तेवढे माझ्या बाजूचेच आहे. प्रामाणिक विक्रेता ओळखावयाचा कशावरून? त्याच्या दुकानाच्या झगमगाटावरून, की त्याच्या गोड बोलण्यावरून? माझ्या मते एकाच गोष्टीवरून: पैसे घेण्यापूर्वी तो आपल्या घड्याळाची पाठ तुमच्या पसंतीच्या घड्याळजीसमोर उघडू देतो की नाही, आणि तबकडी, काटे, मशीन यांतले काय मूळचे व काय बदललेले आहे हे पावतीवर लिहून सही करतो की नाही. जो हे करतो, त्याच्यावर विश्वास ठेवण्याजोगे कारण मिळाले. जो ‘माझ्या शब्दावर विश्वास नाही काय’ असे विचारतो, त्याने शब्दाला लेखी रूप देण्याचे टाळले आहे. रोलेक्सने डिसेंबर २०२२ पासून वापरलेल्या घड्याळांना स्वतःचे प्रमाणपत्र व दोन वर्षांची हमी देण्याची योजना काढली, तेव्हा पूर्वपक्षाला वाटले की आपला सिद्धांत निर्मात्यानेच उचलून धरला. उलट आहे. त्या प्रमाणपत्राला वजन आले ते निर्मात्याच्या कारागिरांनी ते घड्याळ आधी तपासले म्हणून. ज्या तपासणीवर मी येथे जोर देत आहे, तिचाच तो निष्कर्ष आहे, फक्त तपासणी ग्राहकाऐवजी निर्मात्याने केली आणि तिचे मोल किमतीत लावले.

मग कागद निरर्थकच काय? मुळीच नाही. माझे म्हणणे असे आहे की या पूर्वपक्षाने कागदांवर भिस्त ठेवून नेमका हवा तो कागद मात्र विसरून टाकला आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे विकणाऱ्याचा वस्तूवर जेवढा हक्क आहे, त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला सामान्यतः मिळत नाही. चोरीचे घड्याळ सोन्याच्या खोक्यात मिळाले तरी ते मूळ मालकाचे राहते. लंडनमधील वॉच रजिस्टरसारख्या संस्था चोरीच्या घड्याळांच्या क्रमांकांची नोंद ठेवतात; मोठ्या खरेदीपूर्वी क्रमांक तेथे ताडून पाहणे अवघड नाही. याहून महत्त्वाची बाब आपल्याकडच्या जकातीची. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १२३ मध्ये सोन्याच्या बरोबरीने घड्याळांचे नाव स्पष्टपणे घातलेले आहे. माल चोरटा असल्याच्या वाजवी समजुतीने जप्त झाला, तर तो चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर नसून ज्याच्या कबजात तो सापडला त्याच्यावर व जो मालकी सांगतो त्याच्यावर असते. तस्करीच्या काळातले हे कलम आजही कायद्यात उभे आहे. आता विचार करा: दुबईच्या वा सिंगापूरच्या दुकानाचे नाव असलेले जे चकचकीत कार्ड ‘फुल सेट’ची शोभा म्हणून तुमच्या हाती दिले जाते, ते अस्सल असले तरी सिद्ध काय करते? इतकेच की हे घड्याळ परदेशात विकत घेतले गेले. ते भारतात आले कसे, जकात भरली की नाही, या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी ते कार्ड तो प्रश्नच उपस्थित करते. उत्तर देतो तो जकात भरल्याचा दाखला, किंवा भारतातील अधिकृत दुकानाची मूळ पावती, आणि त्यानंतर झालेल्या प्रत्येक हस्तांतरणाची रीतसर, क्रमांकासह लिहिलेली पावती. या कागदांना मखमली खोका नसतो, त्यांचे छायाचित्र कोणी जाहिरातीत घालीत नाही, आणि म्हणून ग्राहक ते मागतच नाही.

शेवटचा आक्षेप पुनर्विक्रीचा. कार्ड नसलेले घड्याळ उद्या विकावयास काढले तर भाव कमी येईल, असे म्हणतात. आणि आजच्या बाजाराची रीत पाहता ते खरेही आहे. परंतु तो भाव कमी येतो म्हणूनच ते घड्याळ आज कमी भावात मिळते, ही या हिशेबाची दुसरी बाजू सांगितली जात नाही. ज्याची तबकडी भिंगाखाली निर्दोष ठरली, ज्याच्या शिंगांच्या धारा जिवंत आहेत, ज्याचा झोका पूर्ण चावीवर पावणेतीनशे अंशांच्या खाली उतरत नाही, आणि ज्याची मालकी व जकात यांच्या पावत्या हाती आहेत, असे खोका नसलेले घड्याळ आणि या चारींपैकी एकही गोष्ट न तपासलेला ‘फुल सेट’ शेजारी ठेवले, तर पहिले घेऊन वाचलेल्या रकमेतून त्याचे संपूर्ण तेलपाणी करून घ्यावे, दाबयंत्रातून काढून घ्यावे, आणि ते मनगटावर चढवावे.